चाकांवरच्या घरातले आठ दिवस

सहलीला जाणे आमच्या घराण्यात कधी कुणाला ठाऊक नव्हते. शाळेला सुट्टी लागली की आजोळ, एप्रिलमध्ये जयंतीसाठी गाव आणि सहा डिसेंबरला दादर, एवढाच काय तो आमचा प्रवास. त्यामुळे न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर आम्ही घरासारखी मोटार भाड्याने घेऊन आठ दिवस हिंडलो, असे लिहिताना लेखणी जराशी अडखळते. वाचक म्हणतील, कारकुनाच्या खुर्चीवरचा माणूस परदेशी गेला आणि चैनीची वर्णने लिहायला लागला! तसे नाही. हिशेब ठेवणे हाच आमचा पोटाचा धंदा आहे, तेव्हा जमाखर्चही सांगणार आहोत.

आम्ही बी.कॉम. झाल्यावर गावाकडे काही वर्षे कारकुनी केली. संध्याकाळी वस्तीतल्या मुलांची अभ्यासिका चालवली, सभा-मोर्चे केले. २०१३ साली ऑकलंडला आलो. येथेही एका मालवाहतूक कंपनीच्या हिशेब खात्यात कारकूनच आहोत, आणि रविवारी नव्याने आलेल्या कामगार मंडळींचे अर्ज भरून देण्याचे काम करतो. पत्नी वृद्धाश्रमात सेविका आहे. थोरली मुलगी पंधरा वर्षांची, धाकटा दहाचा.

२०२१ च्या मे महिन्यात कोरोनाने आई गेली. त्या वेळी या देशाची दारे बंद होती. आईचा अंत्यविधी आम्ही मोबाईलच्या पडद्यावर पाहिला. त्यानंतर वडील, म्हणजे आमचे आप्पा, तालुक्याच्या गावी एकटेच राहिले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते प्रथमच आमच्याकडे आले. वय वर्षे त्र्याहत्तर. आम्ही दोघे कामावर, मुले शाळेत, आणि आप्पा खिडकीशी बसून समोरच्या घराचे कौलारू छप्पर पाहत. महिनाभराने पत्नी म्हणाली, "अहो, त्यांना काहीतरी दाखवा. भिंती बघायला का आलेत ते एवढ्या लांब?"

सप्टेंबरच्या शेवटी येथे शाळांना दोन आठवड्यांची सुट्टी असते. हिवाळा सरलेला, उन्हाळ्याची गर्दी अजून आलेली नाही, त्यामुळे भाडी उतरलेली असतात. पाच माणसांना मोटेलच्या दोन खोल्या लागतात, बाहेरचे जेवण आप्पांना चालत नाही आणि रात्री त्यांना दोन-तीनदा उठावे लागते. या तिन्ही अडचणींवर कचेरीतल्या एका सहकाऱ्याने उपाय सुचवला, मोटारहोम! विमा धरून दिवसाला १९० डॉलर भाडे ठरले. आठ दिवसांचे १,५२० डॉलर. त्या वेळी येथला एक डॉलर म्हणजे सुमारे ५० रुपये, म्हणजे शहात्तर हजार. डिझेल वेगळे, शिवाय डिझेल गाडीला किलोमीटरमागे रस्ताकर असतो तोही वेगळा. रक्कम मोठी आहे, पण ऑकलंडच्या पगारात चार महिने काटकसर केली की बसते. आम्ही ती केली.

ऑकलंडहून विमानाने क्राइस्टचर्चला उतरलो. गाडी ताब्यात घ्यायला गेलो तो सोमवार होता, ३० सप्टेंबर. गाडी मिनीबसएवढी. आत शेगडी, फ्रीज, भांडी घासायची मोरी, ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखा पलंग, मागचे टेबल खाली पाडले की दुसरा पलंग, आणि कपाटाएवढ्या जागेत शौचालय व न्हाणी. पत्नीने आत पाऊल टाकले आणि हसून म्हणाली, "आपली चाळीतली खोली अशीच होती की! फक्त ती जागची हलत नव्हती."

तेथल्या कामावरच्या तरुण मुलीने अर्धा तास सगळे समजावून दिले. गाडी चालू असताना गॅस बंद ठेवायचा, कपाटांच्या कड्या लावायच्या, मागे बसणाऱ्यांनीही पट्टे बांधायचे. पिण्याच्या पाण्याची टाकी ही, सांडपाण्याची ती. मग ती आम्हाला गाडीच्या बाहेरच्या अंगाला घेऊन गेली, एक छोटे दार उघडले आणि आतून चाके लावलेली एक चपटी टाकी ओढून काढली. शौचालयाची टाकी. ही भरली की ठरावीक जागी स्वतः नेऊन रिकामी करायची. उघड्यावर ओतली तर दंड. या देशात २०२३ साली कायदाच झाला आहे की, तळाबाहेर कोठेही मुक्काम करू इच्छिणाऱ्या गाडीत पक्के बसवलेले शौचालय हवे, आणि तसा दाखला गाडीवर हवा.

आप्पा आमच्या मागे उभे होते. त्यांना इंग्रजी येत नाही, पण ती टाकी पाहून त्यांना भाषेची गरज उरली नाही. त्यांनी टाकीकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले आणि तोंड फिरवून ते गाडीच्या पलीकडे जाऊन उभे राहिले.

येथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. आप्पा एका नगरपालिकेच्या सफाई खात्यात एकतीस वर्षे होते. आधी गटारी उपसण्यावर, पुढे घरोघरच्या शौचालयांच्या टाक्या ओढणाऱ्या टँकरवर. शाळेच्या दाखल्यापासून कॉलेजच्या फॉर्मपर्यंत 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात आम्ही 'नोकरी' एवढेच लिहीत आलो. सभांतून सफाई कामगारांच्या प्रश्नावर आम्ही तावातावाने बोललो आहोत, २०१३ च्या कायद्याने हाताने मैला काढायला लावणे गुन्हा ठरले तेव्हा पत्रकही काढले आहे. पण आमच्या दोन मुलांना त्यांचे आजोबा काय काम करीत, हे आम्ही सांगितलेले नव्हते. 'नगरपालिकेत होते' एवढेच त्यांना माहीत. त्या दिवशी गाडीच्या चाव्या घेताना आम्ही मनाशी ठरवले की ही टाकी आप्पा उठण्याआधी गुपचूप रिकामी करायची. त्यांच्या दृष्टीस पडू द्यायची नाही.

असो. गाडी निघाली. येथे वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, ही मोठीच सोय. आमच्या वजनाच्या गाडीला ताशी ९० किलोमीटरची मर्यादा असल्याने घाई करायचा प्रश्नच नव्हता. कँटरबरीचे मैदान इतके सपाट की क्षितिजापर्यंत कुठे उंचवटा नाही. दोन्ही बाजूंना कुरणे, वसंत नुकताच लागल्याने मेंढ्यांच्या पायांशी कोकरे. शेतांतून चाकांवर फिरणारे लांबच लांब नळ पाणी शिंपडत होते. ते पाहून आप्पा एवढेच म्हणाले, "पाणी आसलं की समदं व्हतंय."

पहिला घाट सुरू झाला आणि मागून धडाधड आवाज आला. एका कपाटाची कडी लावायची राहिली होती! पीठ, तांदूळ, हळद सगळे खाली. आमच्या पलंगाची चादर आठही दिवस पिवळीच राहिली. कडी कुणी लावली नाही यावर पत्नीचे व आमचे एकमत आजतागायत झालेले नाही.

बर्क्स पास ओलांडला आणि देखावा पालटला. हिरवे संपले, तपकिरी गवताचे माळ आणि त्यापलीकडे बर्फाची रांग. या मुलखाचे नाव मॅकेंझी. हा मॅकेंझी कोणी गव्हर्नर नव्हता. तो होता एक मेंढपाळ. १८५५ साली हजार मेंढ्या चोरून नेल्याच्या आरोपाखाली त्याला त्याच्या कुत्र्यासकट पकडले, पाच वर्षांची शिक्षा झाली आणि नऊ महिन्यांत माफी देऊन सोडून दिले. साहेबाच्या मुलखात एवढा मोठा प्रदेश एका आरोपी गुराख्याच्या नावाने ओळखला जातो, याची आम्हाला मोठी गंमत वाटली.

दुपारी टेकापो सरोवर दिसले. धाकटा ओरडला, "पाण्यात रंग टाकलाय!" खरोखर तसेच वाटते. निळे म्हणावे तर निळे नाही, हिरवे म्हणावे तर हिरवे नाही. डोंगरावरच्या हिमनद्या सरकताना खालचा खडक दळून पिठासारखा बारीक करतात. ते पीठ ओढ्यांतून सरोवरात येते, तळाला न बसता तरंगत राहते, आणि त्यावर ऊन पडले की हा रंग उमटतो. काठावर १९३५ सालचे दगडी चर्च आहे आणि जवळच मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्याचा कांस्य पुतळा. ज्यांच्याशिवाय येथे मेंढपाळी झालीच नसती, त्या मुक्या प्राण्यांची आठवण म्हणून तो उभारला आहे.

गावाबाहेर गाड्यांच्या तळावर दोन रात्री राहिलो. भाकरी, पिठले, लसणाची चटणी. जेवण झाल्यावर दिवे मालवून बाहेर आलो. अमावास्या दोन दिवसांवर आली होती. हा प्रदेश २०१२ पासून अंधार राखून ठेवलेला प्रदेश आहे. रस्त्यांवरचे दिवेसुद्धा वर प्रकाश जाणार नाही असे झाकलेले. आकाश इतके भरलेले की ओळखीचे तारेही गर्दीत सापडेनात. आपल्याकडून न दिसणारे मॅगेलनचे दोन मेघ पिंजलेल्या कापसासारखे दिसत होते. आप्पा अंगावर घोंगडी घेऊन तासभर खुर्चीवर बसून राहिले. "तुझी आई आन् मी लगीन झाल्यावर खळ्यावर झोपायचो," ते म्हणाले, "तवा आसंच व्हतं." आई गेल्यानंतर तिच्याविषयी ते आपण होऊन बोलले, ते प्रथमच.

तिसऱ्या दिवशी निघायचे होते आणि टाकी भरली होती. पाच माणसांना ती दोन दिवसच पुरते. आम्ही पाचचा गजर लावला. उठून पाहतो तो आप्पांची जागा रिकामी! जन्माची सवय. टँकर पाचला सुटत असे. ते बाहेर थंडीत हात चोळत फेऱ्या घालत होते.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. टाकी ओढत आम्ही तळाच्या कोपऱ्यावर गेलो. सिमेंटचा उतरता ओटा, मध्ये झाकण असलेले तोंड, बाजूला धुण्यासाठी नळी, आणि पिण्याच्या पाण्याचा नळ दूर, निराळा. आमच्या आधी एक गोरे गृहस्थ आलेले होते. सत्तरीचे, इस्त्रीचा शर्ट, हातात लांब रबरी हातमोजे. त्यांची गाडी आमच्या तिप्पट किमतीची असावी. त्यांनी टाकी ओतली, विसळली, मग नळीने सगळा ओटा स्वच्छ धुतला, आम्हाला 'गुड मॉर्निंग' केले आणि जागा दिली. दोन शब्द बोलणे झाले. ते निवृत्त दंतवैद्य होते.

आप्पा आमच्या पाठोपाठ आलेच होते. ते त्या गृहस्थांकडे एकटक पाहत होते. "ह्यो हितं कामाला हाय का?"

"नाही आप्पा. गाडी त्यांचीच आहे. दातांचे डॉक्टर होते ते."

"मग त्यांचा माणूस कुठंय?"

"कुणाचाच माणूस नसतो. ज्याचे त्याने करायचे."

आप्पा काही बोलले नाहीत. आम्ही हातमोजे चढवले, टाकीचे तोंड फिरवले आणि ओतू लागलो. ओतताना हवा आत जाण्यासाठी एक बटण दाबून धरावे लागते, हे त्या मुलीने सांगितले होते आणि आम्ही विसरलो होतो. टाकीने दोन आचके दिले आणि शिंतोडे बुटांवर उडाले.

"सरक," आप्पा म्हणाले. "तुला न्हाई जमत. वारं कुठनं येतंय बघ की आधी. वाऱ्याकडं पाठ करून उभं ऱ्हायचं."

"आप्पा, तुम्ही हात लावायचा नाही!" आमचा आवाज चढला. इतका, की त्या दंतवैद्यांनी वळून पाहिले.

आप्पांनी शांतपणे हात पुढे केला, हातमोज्यांसाठी. "आरं, ह्ये आपल्याच घरचं हाय. जल्मभर लोकांचं उपसलं, त्ये येगळं."

आम्ही हातमोजे काढून दिले. दुसरे काय करणार? त्यांनी ते उलटेसुलटे करून पाहिले, आत हात घालून बोटे हलवून पाहिली. बटणाचे काम त्यांना सांगावे लागले नाही, एकदा दाबून पाहिले आणि समजले. थेंब न सांडता टाकी रिकामी केली, तीनदा विसळली, आत निळे औषध ओतले आणि त्या गृहस्थांप्रमाणेच ओटा धुऊन काढला. आमच्या मागे एक जर्मन जोडपे रांगेत उभे होते. त्यांना आप्पांनी मान लववून जागा दिली.

परतल्यावर चहा घेता घेता आप्पांनी पाळ्या लावून दिल्या. एक दिवस आमची, एक दिवस सूनबाईची, एक दिवस थोरलीची. धाकट्याने नळी धरायची. थोरली 'शी!' म्हणून उठलीच. तेव्हा आप्पा म्हणाले, "बाळा, मी एकतीस वरीस ह्येच करत व्हतो. तुझ्या बापाची फी त्यातनंच भरली." मुलगी आमच्या तोंडाकडे पाहू लागली. आम्ही कपबशा धुवायला घेतल्या.

टेकापोहून निघाले की पुकाकी सरोवर लागते, आणि त्याच्या टोकाला अचानक तो उभा राहतो, या देशातला सर्वांत उंच पर्वत. उंची ३,७२४ मीटर. १९९१ च्या डिसेंबरात त्याचे शिखरच कोसळले, त्यामुळे आमच्या शाळेच्या नकाशातला आकडा आता चुकीचा आहे. एव्हरेस्टवर तेनझिंगबरोबर गेलेले हिलरी १९४८ साली याच पर्वतावर चढले होते. शाळेत आम्ही त्याचे नाव माउंट कुक शिकलो. कुक हा इंग्रज दर्यावर्दी. पण रस्त्यावरच्या पाटीवर लिहिलेले होते 'आओराकी/माउंट कुक'.

आओराकी हे मूळ नाव. येथले आदिरहिवासी माओरी. त्यांतली न्गाई ताहू ही जमात दक्षिण बेटावरची. त्यांच्या परंपरेप्रमाणे आओराकी हा आकाशपित्याचा पुत्र. भावांसह होडीतून आला, होडी कलंडली, तिचे झाले बेट आणि भावांचे झाले पर्वत. हा त्यांचा पूर्वज, म्हणून शिखराच्या अगदी माथ्यावर पाय देऊ नये, अशी त्यांची गिर्यारोहकांना विनंती असते. १८४८ साली केम्प नावाच्या अधिकाऱ्याने या बेटाचा फार मोठा भाग अवघ्या दोन हजार पौंडांत सरकारसाठी घेतला. त्या बदल्यात पुरेशी जमीन राखून ठेवू, हे वचन पाळले नाही. पुढच्याच वर्षापासून या जमातीने अर्ज करायला सुरुवात केली. आजोबांनी अर्ज केला, नातवाने चालवला, पणतूने पुढे नेला. शेवटी १९९८ साली कायदा झाला, १७ कोटी डॉलरची भरपाई मिळाली आणि सरकारने लेखी माफी मागितली. त्याच कायद्याने पर्वताला त्याचे नाव परत मिळाले. जुने पुढे, कुकचे मागे, दोन्ही मिळून एक.

हे आम्ही आप्पांना मराठीत सांगत होतो. नामांतराच्या मोर्चात त्यांनी पाठीवर लाठी खाल्लेली आहे. १९७८ च्या जुलैत ठराव झाला, वस्त्या जळाल्या, माणसे मेली, आणि १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले ते 'मराठवाडा' कायम ठेवून. आप्पांनी पाटीकडे पाहिले, मग पर्वताकडे पाहिले. "म्हंजी हितंबी नामविस्तारच झाला म्हणायचा," ते म्हणाले.

त्या पाटीपाशी त्यांनी फोटो काढून घेतला. हूकर दरीच्या वाटेने पहिल्या झुलत्या पुलापर्यंत त्यांना हात धरून नेले. पूल हलतो, खाली राखाडी पाणी गर्जत जाते. आप्पा मध्ये थांबून खाली वाकून पाहत राहिले. आम्हालाच भीती वाटली.

रात्री पर्वताच्या पायथ्याच्या तळावर गाडी लावली. बाहेर हिमवारा, आत शेगडीवर खिचडी. थोरलीने विचारले, "आजोबा, तुम्ही टाकीत उतरायचात?" आप्पांनी सांगितले, अगदी साध्या शब्दांत, जणू पावसापाण्याचे बोलावे. टँकरची नळी तळाला अडकली की एकाने उतरायचे. आधी काडी पेटवून खाली सोडायची. विझली तर उतरायचे नाही. पण काही विषारी वायू असा असतो की काडी विझत नाही आणि माणूस विझतो. एका पावसाळ्यात एका लॉजच्या टाकीत त्यांच्या बरोबरचा एक जण उतरला, त्याला काढायला दुसरा उतरला. दोघेही वर आले नाहीत. "आन् हातमोजं?" धाकट्याने विचारले. "व्हते की. सायबाच्या कपाटात. तपासणीला येणाऱ्याला दाखवायला."

त्यातली दुसरी गोष्ट आम्हीसुद्धा प्रथमच ऐकत होतो. त्या पावसाळ्यात आम्ही शाळेत होतो. आप्पा चार दिवस जेवले नव्हते, एवढेच आठवते.

पुढचे दिवस भरभर गेले. लिंडिस खिंडीतले सोनेरी गवत, वानाका सरोवर, मग ५६२ मीटर उंचीची हास्ट खिंड ओलांडून पश्चिम किनारा. खिंडीच्या अलीकडे कोरडा माळ आणि पलीकडे घनदाट ओले रान! समुद्रावरून येणारे वारे पर्वताला धडकतात, सारा पाऊस पश्चिमेला पडतो. तिकडे काही ठिकाणी वर्षाला पाच मीटरहून अधिक पाऊस होतो. आपल्याकडे कोकण धो धो आणि घाट चढून आल्यावर माणदेश तहानलेला, तोच प्रकार. या किनाऱ्यावर सँडफ्लाय नावाची चिलटाएवढी काळी माशी आहे. ती चावली की तीन दिवस खाज जात नाही. सगळ्या जाहिरातींत सरोवरे असतात, ही माशी कुठेच नसते.

रस्त्यात एकेरी पूल पुष्कळ. कुणी आधी जायचे ते दोन बाणांच्या पाटीवर लिहिलेले असते, दुसरा मुकाट्याने थांबतो आणि जाताना हात दाखवतो. फॉक्स हिमनदीच्या दरीतला जुना रस्ता २०१९ साली दरडी-पुराने वाहून गेला, आणि हिमनद्या स्वतःही मागे हटत चालल्या आहेत. आम्ही त्या लांबूनच पाहिल्या. पाऊस होता, बर्फ आणि ढग यांतला फरक कळेना.

होकिटिका गावी हिरव्या दगडाच्या कोरीव वस्तूंची दुकाने आहेत. हा पौनामू नावाचा दगड माओरींना सोन्याहून मोलाचा. १९९७ सालच्या कायद्याने या बेटावरच्या अशा दगडाची मालकी न्गाई ताहूंना परत मिळाली. पत्नीने किमती पाहिल्या आणि पिशवीची चेन लावली. आर्थर खिंडीत किआ नावाचे पोपट गाडीच्या टपावर उतरले. हे डोंगरी पोपट फार उपद्व्यापी. आम्ही चहा पिईपर्यंत एकाने खिडकीच्या रबराचा वीतभर तुकडा ओढून काढला. गाडी परत देताना त्याचे ४० डॉलर भरावे लागले. जमाखर्चात आम्ही तो खर्च 'पोपट' या नावाखाली लिहिला आहे.

पाळ्या ठरल्याप्रमाणे चालल्या. थोरलीने तिची पाळी नाक दाबून, पण चुकवली नाही. तिला वाऱ्याकडे पाठ करायला आता कुणी सांगावे लागत नव्हते. क्राइस्टचर्चला गाडी देण्याआधी शेवटची टाकी आप्पांनी स्वतः मागून घेतली. काम झाल्यावर हातमोजे न काढता त्यांनी थोरलीला हाक मारली आणि त्या सिमेंटच्या ओट्यापाशी उभे राहून फोटो काढायला सांगितला. सरोवरापाशी ते असे ताठ उभे राहिले नव्हते. तो फोटो त्यांनी टँकरवरच्या आपल्या जुन्या जोडीदाराला पाठवायला लावला.

ऑकलंडला पोहोचल्यावर रात्री जोडीदारांचा फोन आला. पर्वत, सरोवर, बर्फ यांपैकी त्यांनी काहीच विचारले नाही. त्यांचा मुलगा आता कंत्राटदाराकडे त्याच कामावर आहे. "हातमोजं कोपरापातुर येत्यात का रं?" त्यांनी विचारले. आप्पांनी बोटांपासून कोपरापर्यंत वीत लावून मोजून सांगितले.

डिसेंबरात आप्पा परत निघाले. जाण्याच्या आदल्या शनिवारी ते आम्हाला घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि सहा जोड निवडले, प्रत्येक जोड हातात घालून, बोटे हलवून. घरी बॅग काट्यावर ठेवली तर तेवीस किलोच्या वर भरली. पत्नीने नवा लोकरी स्वेटर घेतला होता, तो आप्पांनी बाहेर काढून तिच्या हातात दिला.

"गावाकडं कुठं येवढी थंडी आस्ती," ते म्हणाले आणि बॅगेची चेन ओढली.